बेलापूर येथील तरफेची रायफल : नळीचा व्यास व त्यावरून काढलेलीं अनुमानें

मुंबईच्या पूर्वेस खाडीपलीकडे जो भाग आतां सी.बी.डी. बेलापूर या नांवानें ओळखला जातो, तेथें राहणाऱ्या एका घराण्याच्या संग्रहाविषयींचें टिपण अभिप्रायासाठीं आमच्याकडे आलें आहे. घराणें मूळ पनवेल तालुक्यांतलें. दोन पिढ्यांमागें खाडीकांठीं येऊन राहिलेलें. संग्रह लहानच आहे. मोडी कागदांचे दोन रुमाल, एक पोथी, एक पट्टा, कांहीं किरकोळ लोखंडी सामान आणि तरफेची एक विलायती रायफल. टिपणकारांनीं कागदांस चार ओळी दिल्या आहेत व रायफलीस अकरा पृष्ठें. आम्ही असतों तर हें प्रमाण उलटें ठेविलें असतें. परंतु ही रायफल एका संग्रहालयास देण्याचें चाललें असून तिच्याखालीं लावावयाची पाटी याच टिपणावरून लिहिली जाणार असल्याचें कळतें. पाटीवर एकदां चढलेला मजकूर उतरविणें किती अवघड असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. टिपणकारांचें नांव येथें मुद्दाम देत नाहीं. आमचा वाद पद्धतीशीं आहे.

बेलापूर हें गांव नवें नव्हे. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं असलेला येथील किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमांच्या काळांत पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला, व १८१७ सालीं कॅप्टन चार्ल्स ग्रे यानें तो कंपनीसाठीं घेतला. १९७० सालीं सिडको स्थापन झाल्यावर या परिसरांत सरकारी कचेऱ्या व उंच इमारती उठल्या. किल्ल्याचे थोडेसे अवशेष काय ते शिल्लक आहेत. अशा ठिकाणीं घरांत जुनी वस्तु निघाली कीं ती थोर असावी असें वाटणें स्वाभाविक आहे, आणि त्या भावनेस आम्ही हंसत नाहीं.

टिपणाचें म्हणणें थोडक्यांत असें : रायफलीच्या नळीचा व्यास ०.६६ इंच भरतो. हिंदी शिपायांच्या हातीं ०.६५६ इंच व्यासाच्या बंदुका असत, हें प्रसिद्ध आहे. यास्तव ही बंदूक १८५७ सालच्या एखाद्या पलटणींतली होय. ती लपवून ठेविली गेली, पुढें एखाद्या कारागिराकडून तिला तरफेचा खटका बसविला गेला, आणि १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडांत ती वापरली गेली. शेवटच्या गोष्टीस आधार घरांतील परंपरेचा.

ही परंपरा सहज झटकून टाकावी अशी ही भूमि नाहीं. फडक्यांचें जन्मगांव शिरढोण बेलापुराहून एका सकाळींत जाऊन येण्याजोगें आहे. १८७९ च्या मे महिन्यांत दौलतराव नाइकानें पळस्पें व चिखली येथें धाडी घातल्या. तें पळस्पें तर पनवेलच्या वेशीशीं. या टापूंतल्या एखाद्या घरांत त्या बंडाची आठवण व त्या आठवणीबरोबर एखादें हत्यार राहिलें असल्यास नवल कसलें? प्रश्न इतकाच कीं तें हत्यार हेंच काय.

घोटाळ्याचें मूळ 'व्यास' या शब्दांत आहे. बंदुकीच्या नळीस एकच व्यास असतो असें समजून चालणारा मनुष्य पहिल्याच पावलास ठेंचाळतो. शिकारी लोक 'बारा बोअर' म्हणतात त्याचा इंचांशीं सरळ संबंध नाहीं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा वाटोळ्या गोळ्या पाडल्या, तर त्यांतील एका गोळीचा जो व्यास, तो बारा बोअर, म्हणजे ०.७२९ इंच. त्याच हिशेबानें ०.५७७ ची नळी सुमारें २४ बोअरची व ०.४५० ची सुमारें ५१ बोअरची होते. आंकडा चढला कीं नळी बारीक होते. विलायतेंतील नळी-परीक्षणगृहें हा आंकडा खासगी कारखान्यांच्या नळ्यांवर ठोकीत, आणि तो इंचांचा अंश समजून वाचणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. तोफांची रीत याच कुळांतली : बारा पौंडी तोफ म्हणजे बारा पौंड वजनाचा गोळा टाकणारी.

आट्यांच्या नळीची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची आहे. नळीच्या आंत पिळानें गेलेल्या खाचा असतात व दोन खाचांमध्यें कंगोरा उरतो. कंगोऱ्यापासून कंगोऱ्यापर्यंतचा एक व्यास, खाचेच्या तळापासून तळापर्यंतचा दुसरा. मागच्या अंगास काडतूस बसण्याची जी कोठी असते ती या दोहोंहून पुष्कळ रुंद. शिवाय काडतुसाचें नांव हें चौथें प्रकरण, कारण नांव ठेवणाऱ्यानें नेहमी माप घेतलेलें असतेंच असें नाहीं. अमेरिकेंतील विंचेस्टर कारखान्याची १८७३ ची तरफेची रायफल ०.४४ ची म्हणून जगप्रसिद्ध आहे, पण तिची गोळी मोजली तर ०.४३ सुद्धां भरत नाहीं. नांवाप्रमाणें माप दुरुस्त करूं नये, व मापाप्रमाणें नांवही बदलूं नये. दोन्ही वेगळीं टिपावीं.

विंचेस्टरचा उल्लेख आम्हीं उगाच केलेला नाहीं. टिपणांत ही रायफल एके ठिकाणीं 'विंचेस्टर पद्धतीची' म्हटली आहे. तरफ दिसली कीं विंचेस्टर, असा आपल्याकडे एक समज आहे. विंचेस्टरच्या तरफेनें नळीखालच्या नळकांड्यांतून एकामागून एक काडतूस वर येतें. ती अनेकबारी बंदूक. बेलापूरच्या रायफलीस असें नळकांडें मुळींच नाहीं. तिची तरफ खालीं ओढली असतां आंतला पोलादी ठोकळा पुढच्या अंगानें खालीं झुकतो व कोठीचें तोंड मोकळें होतें. एक काडतूस हातानें घालावयाचें, एक उडवावयाचें. ही मार्टिनीची रचना आहे. ब्रिटिश सैन्यानें १८७१ सालीं पत्करलेली मार्टिनी-हेन्री ती हीच. हेन्री हें नांव नळींतील आट्यांच्या योजकाचें. तेव्हां केवळ रचना पाहूनच टिपणकारांनीं थबकावयास हवें होतें. त्यांनीं मात्र खटका मागाहून बसविलेला ठरवून ही अडचण बाजूस सारली, आणि त्यासाठीं स्नायडरचा दाखला दिला. १८५३ च्या नमुन्याच्या तोंडानें भरावयाच्या एन्फील्ड बंदुकांस पुढें मागून भरण्याची सोय जोडून स्नायडर बंदुका केल्या, हें खरें आहे. परंतु स्नायडरचा ठोकळा बाजूस उघडतो, त्यास तरफ नाहीं. दाखला लागू नाहीं, तरी मूळ शंका निकालांत निघाली असें आम्ही म्हणत नाहीं. जुन्या नळीस नवा खटका जोडणारे कारागीर होते. म्हणून नळीचीच साक्ष घेणें प्राप्त झालें.

आम्ही गेलों तेव्हां परवाना ज्यांच्या नांवें आहे ते घरांतील वडील जातीनें समोर बसले होते. हें सांगण्याचें कारण असें कीं, १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील ४५ व्या कलमानें जुन्यापुराण्या व दुरुस्तीनेंही न उडणाऱ्या हत्यारांस सूट आहे खरी, पण अमुक हत्यार त्या वर्गांत बसतें हें संग्राहकानें स्वतःच ठरवून मोकळें व्हावयाचें नसतें. आणि कागदाच्या शोधकास जी संवय नसते ती येथें आधीं लावून घ्यावी : माप घेण्यापूर्वीं कोठी उघडून, नळी उजेडाकडे धरून, ती रिकामी असल्याची खात्री दोघांनीं करावी. शंभर वर्षांचें काडतूस मेलेलेंच असतें असें नाहीं.

टिपणकारांनीं आपलें माप कसें घेतलें हें विचारतां, पोलादी पट्टी मागील अंगानें कोठीच्या तोंडाशीं धरली असें उत्तर मिळालें. पुढल्या तोंडाशीं कां नाहीं? तर तें घासलेलें दिसलें म्हणून. ही शंका शहाणपणाची होती. सफाईचा गज वर्षानुवर्षें घांसून पुढलें तोंड रुंदावतेंच, म्हणून तेथील मापावर विसंबूं नये. पण त्यावर उपाय कोठीचें माप हा नव्हे. कोठी ही गोळीची वाट नसून काडतुसाची खोली आहे. पुस्तकाची उंची सांगतांना कपाटाची उंची सांगावी, तसें हें झालें.

आम्हीं तुर्भ्याच्या एका लेथवाल्याकडून पितळेचे चार गोल दट्टे करून नेले होते : ०.४४८, ०.४५०, ०.४५२ व ०.४५४ इंच. ठोकळ्याची खीळ काढून ठोकळा उतरविला, नळी तेलानें पुसली, आणि दट्टे एकामागून एक घातले. पहिला आपल्या वजनानेंच खालीं उतरला. ०.४५० चा अंगठ्याच्या दाबानें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत गेला. ०.४५२ चा पुढल्या तोंडानें तीन बोटें शिरून अडकला, व ०.४५४ चा बोटभर जाऊन थांबला. म्हणजे तोंड झिजलेलें आहे आणि झीज तीन बोटांपलीकडे नाहीं. कंगोऱ्यांमधला खरा व्यास ०.४५० इंच.

खाचांच्या मापासाठीं शिशाचा ठसा घेतला. शिसें मऊ पाहिजे. छापखान्यांतील जुन्या खिळ्यांचें शिसें कित्येकजण वापरतात, पण त्यांत अँटिमनी असल्यानें तें कडक असतें, खाचा नीट भरीत नाहीं व नळीस इजा करतें. जवळच्या दिवाळे गांवांतील एका कोळीबुवांनीं आपल्या पागाचीं चार शिशाचीं वजनें आनंदानें दिलीं. याहून मऊ शिसें बाजारांत मागूनही मिळालें नसतें. त्याचा नळीहून किंचित मोठा गोळा करून, तेल लावून, लाकडी दांड्यानें हलकेंच ठोकीत नळींतून पार काढला. ठशावर सात खाचा स्वच्छ उमटल्या. सात ही विषम संख्या असल्यानें खाचेच्या समोर कंगोरा येतो व सूक्ष्ममापक दोहोंच्या मध्येंच अडखळतो. म्हणून कंगोऱ्याच्या मापाकरितां ठशापेक्षां दट्टा अधिक भरंवशाचा. ठशाचा खरा उपयोग खाचा मोजण्यास व पीळ पाहण्यास झाला. दांड्यास फिरतें टोंक लावून पुन्हां ठसा ढकलला, तेव्हां अकरा इंचांत अर्धा वेढा झाला. बावीस इंचांत एक वेढा व सात खाचा हें मार्टिनी-हेन्रीचें ठरलेलें प्रमाण आहे.

राहिला टिपणांतील ०.६६ चा आंकडा. तोही खोटा नव्हता, ही मौजेची गोष्ट. कोठीच्या मागल्या तोंडाशीं आम्हांसही दोन-तृतीयांश इंचाहून केंसभर अधिक माप मिळालें. मार्टिनी-हेन्रीचें काडतूस बाटलीच्या आकाराचें; मूळ ०.५७७ च्या काडतुसाचा गळा आंवळून ०.४५० च्या गोळीस बसता केलेला, आणि बुडाशीं ०.६६८ इंच. टिपणकारांनीं जें मोजलें तें बरोबर मोजलें. फक्त तें बुडाचें माप होतें.

आतां अनुमानांकडे वळूं. कारागीर नळी कोरून मोठी करूं शकतो; लहान करूं शकत नाहीं. लहान करावयाची तर आंत दुसरी नळी बसवावी लागते व तिचें कडें तोंडाशीं दिसतें. येथें असें कडें नाहीं. तेव्हां ०.६५६ च्या गुळगुळीत नळीपासून ०.४५० ची सात आट्यांची नळी झाली, हें संभवत नाहीं. दुसरें, टिपणकारांचें माप घटकाभर खरें धरलें तरी त्यांचा निष्कर्ष उभा राहत नाहीं. आणि संपूर्ण टिपणांत आम्हांस सर्वांत खटकलें तें हें. ०.६५६ चा नमुना सत्तावन सालचा नाहीं. तो बंडानंतरचा आहे. १८५८ सालीं हिंदी शिपायांसाठीं जो नमुना ठरला, त्यांत एन्फील्डच्या नळींतील आटे काढून ती ०.६५६ पर्यंत कोरून गुळगुळीत केली होती. हेतु उघड आहे : हिंदी शिपायाची गोळी गोऱ्या शिपायाच्या गोळीइतकी लांब व नेमकी जाऊं नये. ज्या आंकड्यांत अविश्वासाचा एवढा इतिहास भरलेला आहे, तोच आंकडा बंडवाल्यांच्या हातांतील बंदुकीचा पुरावा म्हणून पुढें यावा, हें विपरीत आहे.

१८७९ चें काय? १८७१ नंतरची बंदूक १८७९ सालीं कोणाच्याही हातीं असूं शकेल, असें म्हणणाऱ्यास केवळ व्यासानें उत्तर देतां येत नाहीं. परंतु व्यासामुळें बंदुकीची जात कळली, व जात कळल्यामुळें खूण कोठें पाहावी हें कळलें. खटक्याच्या उजव्या अंगास तेलारंगाचा जाड लेप होता. घरच्यांच्या संमतीनें तो पुसतां मुकुट, राणीचीं आद्याक्षरें व त्यांखालीं रोमन तीनचा आंकडा दिसूं लागला. साल मात्र झिजलेलें आहे. मार्टिनी-हेन्रीचा तिसरा नमुना मंजूर झाला तो १८७९ च्या ऑगस्टांत. फडके देवर नावदगी येथें पकडले गेले ते त्याच वर्षींच्या जुलैंत. शिवाय त्या काळीं मार्टिनी गोऱ्या पलटणींचें हत्यार होतें. १८८० च्या जुलैंत मैवंदच्या लढाईंत इंग्रजांच्या ६६ व्या पलटणीपाशीं मार्टिनी होत्या, व शेजारींच लढणाऱ्या मुंबई इलाख्याच्या पलटणींपाशीं स्नायडर. सरकारच्या पगारी शिपायास जी मिळत नव्हती ती बंडवाल्यास मिळावी, यास फार बळकट पुरावा पाहिजे.

येथपर्यंत आल्यावर घरांतील वडील मंडळींचे चेहरे उतरले, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्हांसही वाईट वाटलें. म्हणून परत निघण्यापूर्वीं, ज्यांस टिपणानें चार ओळी दिल्या ते दोन रुमाल सोडले.

दुसऱ्या रुमालांत घरच्या चीजवस्तूंची एक मोडी यादी निघाली. शके १७८० ची, म्हणजे १८५८-५९ ची. तींत भांडीं, दागिने व गुरें यांच्या खालोखाल चापाची बंदूक एक, तिचा गज, दारूचें शिंग व गोळ्यांचा सांचा हीं नमूद आहेत. पितळी काडतुसाच्या बंदुकीस भरावयास गज लागत नाहीं, शिंग लागत नाहीं, सांचाही लागत नाहीं. यादींतली बंदूक ही तोंडानें भरावयाची, आणि मार्टिनी जन्मण्याच्या बारा-तेरा वर्षें आधींची. घरांत सत्तावनच्या सुमारास बंदूक होती, ही परंपरा म्हणजे कागदानें पुरी शाबीत आहे. मग १८६० व १८७८ चे शस्त्रकायदे आले. जुनी बंदूक केव्हां घराबाहेर गेली याची नोंद रुमालांत नाहीं. पुढें केव्हां तरी मार्टिनी आली, आणि रिकाम्या खुंटीवरची गोष्ट नव्या बंदुकीस चिकटली. अशीं स्थलांतरें पोथ्यांच्या बाबतींत आमच्या परिचयाचीं आहेत. मूळ प्रत हरवते, नक्कल राहते, व दोन पिढ्यांनीं नकलेवरच मूळ पुरुषाचें हस्ताक्षर दिसूं लागतें.

एक गोष्ट उरली. टिपणाच्या शेवटीं किरकोळ लोखंडी सामानाची यादी आहे. तींत 'मोडका अडकित्ता, एक' अशी नोंद आहे. दोन दांडे, एका टोंकाशीं खीळ, पण पातें नाहीं. आम्हीं तो मागवून घेतला. गंज खरवडतां दोन्ही जबड्यांत अर्धगोल खळी निघाली. घरांतल्या एका आजीबाई म्हणाल्या कीं, लहानपणापासून पाहतें आहें, यानें सुपारी कांहीं कातरली जात नाहीं.

दिवाळ्याच्या कोळीबुवांचें शिसें थोडें उरलें होतें. तें वितळवून सांच्यांत ओतलें व एक गोळी पाडली. व्यास ०.६९ इंच, वजन पावणेतीन तोळे. पौंडास चौदा गोळ्यांचा हिशेब. तोंडानें भरावयाच्या गुळगुळीत नळींत गोळी सैल ठेवीत, आणि कंपनीच्या फौजेंतील ०.७५ इंची बंदुकीस हीच ०.६९ ची गोळी लागे. त्या मापाच्या बंदुका देशी कारागीरही करीत. तेव्हां ती पलटणींतलीच होती असें सांच्यावरून म्हणतां येणार नाहीं. पण यादींतल्या, आज नसलेल्या बंदुकीच्या नळीचा अजमास मिळाला, तो या अडकित्त्यानें दिला.

सांचा व यादी एकत्र ठेवावीं आणि रायफल वेगळी, तिच्या स्वतःच्या नांवानें ठेवावी, असें आम्हीं घराण्यास व टिपणकारांस लिहून कळविलें आहे. यादीची नक्कल उतरून घेतली असून ती पुढील अंकीं छापूं. पाटीचा नवा मसुदा अद्याप आमच्याकडे आलेला नाहीं.